दातमिस्त्रींचा पत्रा

दातमिस्त्री इंजिन दातांनी ऐकत. ट्रॉलरच्या इंजिनांशेजारी उमेदवारी करता करता त्यांचा उजवा कान तरुणपणीच गेला होता आणि डावाही जेमतेमच होता. म्हणून ते जुन्या पळीचा एक लांब लाकडी दांडा जवळ बाळगत. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवत, दुसरं दातांत धरत आणि डोळे मिटून घेत. नवखे लोक हसत. मग मिस्त्री दांडा काढून म्हणत, "तिसऱ्या सिलिंडरला खोकला हाय," आणि दोष तिसऱ्यातच निघे. त्यांचं खरं नाव धक्क्यावर कुणी घेत नसे.

पोरांनो, तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर भाट्याच्या खाडीत पर्यटकांना फिरवायला एक जुनी स्पीडबोट घेतली होती, हे तुम्हांला माहीत आहे. तिचं इंजिन होडीच्या आत होतं आणि पंखा मागच्या बाजूला, बाहेर टांगलेल्या एका लोखंडी पायाला. त्या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन आणि हा पाय यांना जोडणारा, आतून दाते असलेला, रबर आणि पोलादाचा गोल तुकडा म्हणजे कपलर. एकदा ओहोटीच्या वेळी पाय वाळूच्या उंचवट्यावर आदळला. पाय मोडला आणि कपलरचे दातेही घासून सपाट झाले.

दुरुस्ती चालू असताना मी कंपनीचं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन धक्क्यावर बसले. पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, पानांत चिठ्ठ्या घातल्या होत्या. मी एकेक सूचना मराठीत सांगे, मिस्त्री मान डोलावत आणि स्वतःच्या पद्धतीनं करत. एकदा मी चिडलेच. तेव्हा ते म्हणाले, "वयनी, पुस्तकातली होडी कधी भिजत नाय. आपली भिजते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. ज्या लाकडावर इंजिन बसवलेलं होतं ते पाण्यानं खचलं होतं आणि इंजिनाचं नाक खाली झुकलं होतं. नट फिरवून ते वर घ्यायलाही आता जागा उरली नव्हती. मिस्त्रींनी बिस्किटाचा रिकामा डबा कापला, पत्र्याच्या तीन घड्या ठोकून सपाट केल्या आणि इंजिन ज्यावर टेकतं त्या पुढच्या पायाखाली सरकवल्या. मग इंजिन आणि मागचा पाय एका रेषेत येतात की नाही ते बघायला बाहेरून एक लांब, सरळ लोखंडी दांडा कपलरपर्यंत घातला; रेषा चुकली तर कपलरचे दाते पुन्हा जातात. "दोन बोटं लावा, वयनी. दोनच. ढकलायला लागला तर माझं काम चुकलं." मी दोन बोटं लावली. दांडा आपसूक आत गेला. काम झाल्यावर प्रत्येक मालकाला ते अशी दोन बोटं लावायला लावत. तीच त्यांची पावती.

मला टापटीप लागते, हे तुम्हांला सांगायला नको. पंधरा दिवसांनी मी इंजिनाची खोली घासूनपुसून काढली. पुढच्या पायाखालून पत्र्याचं एक टोक बाहेर डोकावत होतं. त्यावर बिस्किटाचं अर्धं चित्र होतं. कंपनीच्या इंजिनाखाली हा कचरा! पुस्तकात पत्र्याचा कुठे उल्लेखही नव्हता. मी नट सैल केले, पहार लावून इंजिन जरासं उचललं, पत्रा ओढून काढला आणि नट पुन्हा आवळले. आजोबांना सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही.

महिनाभरात भर खाडीत कपलर पुन्हा गेला. पर्यटकांसकट होडी दोरीनं ओढून आणावी लागली. मिस्त्रींकडून काम करून घेणारे धक्क्यावरचे चारही होडीमालक जमले होते. मी मिस्त्रींना सर्वांसमक्ष म्हणाले, "असली जुगाडं करता, म्हणून ही वेळ येते."

ते आत उतरले. बराच वेळ खाली होते. वर येऊन त्यांनी मला विचारलं, "वयनी, पत्रा कुठाय?"

तो माझ्या शिवणाच्या डब्यात होता, कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून टाकलेला. त्यांनी विचारलं त्या क्षणी मला सगळं कळलं.

"कुठला पत्रा?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ऐकू कमी येत असल्यामुळे ते नेहमीच बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, पण त्या दिवशीचं बघणं वेगळं होतं. मग ते मालकांकडे वळले. "माझाच काम कच्चा ऱ्हायला. परत करून देतो."

त्यांनी करून दिलं. या वेळी नवा पत्रा कापून इंजिनाच्या पायाखालच्या लोखंडी पट्टीला कथलाचा डाग देऊन पक्का केला आणि त्यावर इंजिनाचाच रंग फासला. मला बोलावून हळूच म्हणाले, "आता कचरा नाय वाटणार." मग नेहमीच्या आवाजात, "लावा दोन बोटं." सगळे बघत होते. मी बोटं लावली. दांडा सरळ गेला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी फक्त "छान" म्हणाले.

पुढे मालकांनी एकेक करून आपली इंजिनं मिरजोळ्याच्या वर्कशॉपकडे न्यायला सुरुवात केली. "म्हाताऱ्याचा हात गेला," असं ते म्हणत आणि दाखला आमच्या होडीचा देत. माझ्यादेखत देत. मिस्त्री काही दिवस धक्क्यावर पळीचा दांडा घेऊन बसत. नंतर ते मालगुंडला लेकीकडे राहायला गेले.

गेल्या वर्षी मी पत्रा पर्समध्ये घालून मालगुंडला गेले. आता त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. मी पत्रा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं चाचपला, त्यावरचं चित्र पाहिलं आणि हसले. लेकीनं विचारलं, "हे काय वो, काकी?" मी म्हणाले, "जुनी आठवण." दुसऱ्यांदा खोटं बोलले, तेही त्यांच्याच घरात बसून. त्यांनी पत्रा परत माझ्या मुठीत दिला आणि म्हणाले, "ठेवा, वयनी. तुमच्याकडंच बरा."

या पावसाळ्यात ते गेले. दिवस झाल्यावर मी धक्क्यावर गेले. चौघांपैकी दोनच मालक उरले आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांतला एक जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "आता कशाला वो, काकी? तो ऐकायला हाय काय?"

म्हणून तुम्हांला लिहिते आहे. माझ्यामागे हे घर तुम्हीच आवराल, आणि तुमच्यातही माझी टापटीप थोडी उतरली आहे. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, बिस्किटाचं अर्धं चित्र असलेला गंजका पत्रा सापडेल. तो कचरा समजून टाकू नका.