गॅसला वास देणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका नाकाच्या भरवशावर जगलेला माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा सापडणार नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गॅसच्या टाक्या भरण्याच्या कारखान्यात काढली. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो कुजक्या कोबीसारखा वास त्यात मुद्दाम घालतात, आणि तो नीट मिसळलाय की नाही हे बघणं मामांच्या खात्याकडे होतं. निवृत्त माणसं आपण किती मोठे साहेब होतो ते सांगतात. मामा सांगायचे, "तुमच्या घरात गॅसचा वास येतो ना? तो माझा." ही ओळख त्यांनी आमच्या लग्नात माझ्या वडिलांना, त्यांचा हात हातात घेऊन करून दिली. वडील जेवणं होईपर्यंत त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसले होते.

आम्ही एकाच सोसायटीत राहतो, त्यामुळे हे नाक आमच्या नशिबी रोजचं. चपला काढायच्या आधीच मामांचा निकाल यायचा, "डांबराच्या गोळ्या बदलल्यात. एवढ्या कशाला?" एका रिसेप्शनला त्यांनी नवऱ्यामुलाच्या आत्याला "पैठणी सहा वर्षांनी कपाटाबाहेर काढली वाटतं" असं अगदी कौतुकाने विचारलं आणि आम्हाला आइस्क्रीम न खाताच निघावं लागलं. एकदा जिना धुणाऱ्या बाईंनी अ‍ॅसिडवर ब्लीच ओतायला घेतलं, तर मामा अंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर धावत आले. "गो बाई, या दोघांचं लग्न लावू नको! जिन्यात माणसं मरतील!" बाई टॉवेलकडे बघून ओरडल्या की अ‍ॅसिडला घाबरून, यावर सोसायटीत अजून एकमत नाही. सेक्रेटरींनी लॉबी रंगवून घेतली तेव्हा नारळ फुटतो न फुटतो तोच मामा मोठ्याने म्हणाले, "थिनरमध्ये रॉकेल मारलंय रे यांनी." तेव्हापासून सेक्रेटरी त्यांच्याशी बोलत नसत. पण जरा वास आला की पहिला फोन त्यांचाच, कारण स्वतःच्या जिवापुढे मानापमान कोण बघतो!

वास हुंगायची मामांची एक शिस्त होती. टाकीचा गॅस जड, तो खाली बसतो; म्हणून सिलिंडरच्या काळात मामा लोकांच्या स्वयंपाकघरात सरळ पालथे पडायचे. पाइपचा गॅस आला. तो हलका, वर चढतो. मग सत्तरीतले मामा स्टुलावर चढू लागले. अलीकडे मामीही बरोबर असायच्या, स्टूल धरायला. मामा छताशी डोळे मिटून उभे आणि खाली मामी त्यांच्या टाचेला हात लावून. या वयातलं हे प्रेम बघून माझी बायको मला टोमणे मारायची.

मागच्या वर्षी मामी बहिणीकडे कणकवलीला गेल्या असताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे वास आला. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा साखरपुडा, पुऱ्यांची कणीक तिंबून तयार, आणि स्वयंपाकघरात दोन पक्ष. वहिनी म्हणत होत्या गॅस, सेक्रेटरी म्हणत होते गटार. आमच्याकडे कुठलाही वास आला की देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखवायची पद्धत आहे, तेही एकाने दाखवून झालं. शेवटी मामांना बोलावलं. स्टूल मी धरलं. मामांनी श्वास घेतला, पुन्हा घेतला, मग खाली माझ्याकडे बघितलं. असं बावरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"गटारच ना?" सेक्रेटरी म्हणाले. "पेटवू दे ना त्यांना. पाहुणे येतायत."

पाहुण्यांचं नाव ऐकून वहिनींनीही लायटर उचलला. मामांनी हो म्हणून नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांचा शब्द तिथे कोणी मोडला नसता.

"पेटवू नको!" मामा ओरडले. "मला वास येत नाही."

"म्हणजे लीक नाही."

"म्हणजे मला कसलाच वास येत नाही रे! दोन वर्षं झाली. त्या साथीच्या तापात गेला तो परत आलाच नाही. कॉक बंद करा. खिडक्या उघडा. बटणाला कोणी हात लावू नका."

"अहो, मग इतके दिवस आम्हाला काय सांगत होता?"

"आमच्या हिला येतो. ती टाचेला चिमटा काढायची."

गॅसवाला माणूस आला, त्याने सांध्याला साबणाचा फेस लावला आणि फेसातून टपोरे फुगे वर आले. पुऱ्या आमच्याकडे तळल्या. कमिटीने पुढच्याच मीटिंगला मामांऐवजी एक यंत्र मंजूर केलं. ते हिंगाच्या फोडणीलाही बोंबलतं, त्यामुळे आता त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मामांना कोणी बोलावत नाही. मला याचा राग येतो. फसवलं म्हणणारे त्या वेळी लायटरपासून दोन हातांवर उभे होते.

हल्ली रविवारी मामा आमच्याकडे येऊन बसतात. एकदा म्हणाले, "चाळीत आई स्टोव्हवर जेवण करायची. तिच्या हाताला रॉकेलचा वास. भात भरवायची तर घासालाही तोच. मी हात झिडकारायचो. आता आठवायला जातो तर सापडतच नाही रे."

मुंबईत आता रॉकेल मिळणं कठीण. दिंडोशीच्या एका मित्राने कुठून तरी औषधाच्या बाटलीभर आणून दिलं. मी कापसाचा बोळा भिजवून मामांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला. दारात उभ्या मामींनी पदर नाकाला लावला. घरभर वास पसरला होता.

"येतोय?" मी विचारलं.

मामांनी बोळा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"येतोय हां," ते म्हणाले. "बरं केलंस."