भरलेला बंब

विमान कोण उडवतं, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, वैमानिक नुसतं धरून बसतो. उतरायचं की नाही ते मी ठरवतो. यातलं निम्मं खरं होतं. विमानतळावर पाण्याने भरलेला आगीचा बंब आणि त्यावर माणसं तयार नसतील, तर विमानाला उतरू देत नाहीत. प्रवाशांना हवाईसुंदरी दिसते. शेडमध्ये जाड अंगरखा घालून मे महिन्यात शिजणारा मी दिसत नाही. आमच्याकडचं ऊन असं, की धावपट्टीकडे बघून डोळा मारला तर पापणी तिथंच चिकटते. बंबात पाणी इतकं, की चाळीसगावपर्यंतच्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, म्हशी डुंबून घरी जातील. सात वर्षं तो बंब मी चालवला आणि साधी काडीसुद्धा विझवली नाही.

आमचं घराणं धुळ्याकडचं, सोनगीरजवळचं. थोरल्या काकांनी, म्हणजे आबांनी, शेत घेतलं ते मात्र जळगावला, विमानतळाच्या भिंतीला लागून. काका बाहेर, पुतण्या आत.

त्या दुपारी कुणीतरी बांध पेटवला आणि ठिणगी आबांच्या कडब्याच्या गंजीवर पडली. गंजीला लागून गोठा, गोठ्यात दोन बैल. मी बंबात बसलेलो, फाटक दोनशे पावलांवर, विमान अकरा मिनिटांवर. आबा भिंतीवर चढून हात हलवत होते. हाक मारत नव्हते. मी येणारच हे त्यांनी गृहीत धरलं होतं. फक्त कुठून यायचं ते दाखवत होते.

आमच्या साहेबांनी शहरातल्या बंबासाठी फोन लावला. तो पहूरच्या रस्त्याला दुसऱ्या आगीवर गेलेला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भाऊ, गाडी हलली तर विमान परत फिरवावं लागेल. सही तू करशील?"

माझा करार त्याच महिन्यात संपत होता. नंतर सगळ्यांना मी नियम सांगितला. पण इंजिन चालू होतं, आणि फाटकावरचा पहारेकरी रोज माझ्याबरोबर चहा पिणारा. मी गाडी हलवली नाही.

विमान उतरलं. नऊ माणसं. एका बाईंनी धुराच्या वासाने नाकाला पदर लावला. पण आमची सुटका तेवढ्यावर नसते. विमान नवे प्रवासी घेऊन उडेपर्यंत, आणि उडाल्यावरही थोडा वेळ, बंब जागचा हलत नाही. मग साहेबांनीच फाटक उघडायला लावलं. मी राखेवर पाणी मारलं. एका बैलाचं दावं आबांना कापता आलं होतं. दुसऱ्याचं सांगत नाही.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. भाजलेल्या हातांना फडकी गुंडाळून ते बसले होते. चार शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्यांनी एवढंच विचारलं, "इमानमा कितला माणसे व्हतात?"

जन्मभर मी नऊचे नव्वद करत आलो, पारावर हशा पिकावा म्हणून. त्या दिवशी तोंड आपसूक उघडलं.

"बहात्तर," मी म्हणालो. "लेकरंबाळं धरून."

बरं केलंस, अशी आबांनी मान हलवली. "मंग बरं करं तू."

आता गोठ्यात एकच बैल कसा, असं कुणी पाहुण्याने विचारलं की आबा बहात्तर जिवांची गोष्ट सांगतात, आणि मी तिथं असलो तर माझ्याकडे बोट दाखवतात.