बॉनेटवरचा हात

“गरम हाय. चला.”

एवढं बोलून मिस्त्री वळायचे आणि आल्या वाटेनं चालू पडायचे. मागे गाडीचा मालक चहाचे कप घेऊन उभा असला तरी त्यांना पर्वा नसे. जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, हा त्यांचा नियम. बॉनेट गरम लागलं, म्हणजे मालकाने आपण यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली. म्हणजे काहीतरी लपवलं.

“जुन्या डिझेलला सकाळी उठायचा कट्टाळा असतोय, साहेब. ती उठती कशी ते बघायचं. गरम झाल्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या.”

दौंडला रेल्वेलाईनच्या पलीकडे, चर्चच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. रविवारी शेड बंद. एकदा एका पुढाऱ्याची जीप रविवारीच त्यांच्या दारात बंद पडली. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात गायनाचं पुस्तक घेऊन बाहेर आले. “आज देवाचा वार. उद्या सकाळी पहिली तुमची.” पुढारी एसटीने गेला. तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेल, ज्याच्यापुढे मोठमोठे गप्प होतात आणि ज्याला त्याचं काहीच वाटत नाही.

मी शिरूरकडचा. कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो, आणि आम्हा जुन्या सहकाऱ्यांच्या डोक्यात खूळ शिरलं : वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्या घेऊन कन्याकुमारी गाठायची. म्होरक्या आमच्यातलाच, आता प्लॉटिंगच्या धंद्यात गब्बर झालेला. माझ्याकडे गाडीच नव्हती. मी मिस्त्रींना गाठलं.

“लांब जायचं तर डिझेलच घ्या,” ते म्हणाले. “सावकाश जाईल, पण जाईल. आन् कॉम्प्युटर नसलेली बघा. रस्त्यात बिघडली तर पान्यानं तिच्याशी बोलता आलं पायजे.”

आम्ही दीड महिना हिंडलो. वडगाव रासाईला एकाने चकाचक गाडी दाखवली. थंड होती, सुरूही झाली. मी खूश. मिस्त्रींनी चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं आणि तिथेच उलटं ठेवलं. आतल्या दाबाने झाकण तडतड उडायला लागलं. “हिला दम लागलाय. घाटात बसंल,” म्हणाले, आणि मालकाला झाकण नीट लावून दिलं.

मग खुटबावचे आबा. पांढरी, गोल दिव्यांची, सव्वीस वर्षांची गाडी. आबांनी ती धुऊन, हार घालून अंगणात उभी केली होती. मिस्त्रींनी हात ठेवला. “गरम हाय. चला.” आबांचा चेहरा पडला. “आवं, पाव्हणं येणार म्हून तयार ठिवली! पाव्हण्याला काय निजलेली गाडी दाखवायची?” मिस्त्री तोवर फाटकाबाहेर. परतताना मी संतापाने त्यांना बोललो. म्हाताऱ्या माणसाच्या दारात असं वागायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचाच फोन. मिस्त्री उजाडताच एकटे आले होते. गाडी थंड होती. चावी अर्धी फिरवून, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले, मग पुढे फिरवली. पहिल्याच दमात लागली. “आन् मग माझं पाय धरलं की ओ त्यांनी,” आबा म्हणाले. “म्हनले, चुकलं माझं, आबा, गाडी पण खरी, तुमी पण खरं.”

गाडी मी घेतली. निवडून दिल्याचं मिस्त्रींनी काही घेतलं नाही. मागितलं ते एवढंच.

“मला शेजारी बसवा. कन्याकुमारीपर्यंत.”

“समुद्र बघायचाय?”

“समुद्राचं काय एवढं न्हाई. गाडी माझ्याकडं येती ती बिघडल्यावर. बरी झाली की जाती. बरी असताना कशी चालती, ते मी कवा बघितलंच न्हाई. सलग चार दिस नुसतं बसून ऐकायचंय.”

मी शब्द दिला. त्यांनी नवी पँट शिवली. शेडच्या दारावर पाटी लागली : ‘मिस्त्री बाहेरगावी’. आठवडाभर आधीच लावली होती, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना पाटीसमोरच चिडवत.

निघायच्या चार दिवस आधी बैठक झाली. म्होरक्या म्हणाला, “सोबत सर्व्हिस व्हॅन आहे, तिच्यात मशीन आहे, मशीन सगळं सांगतं. तुझ्या शेजारी कॅमेरावाला बसेल. मिस्त्रीबिस्त्री कशाला? फोटोत कसं दिसेल ते?”

कसं दिसेल! ज्या गाडीत कॉम्प्युटरच नाही तिला त्यांचं मशीन काय सांगणार होतं? त्या टेबलाभोवती बसलेल्या निम्म्या लोकांच्या गाड्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या. एकाचंही तोंड उघडलं नाही. आणि त्यांना काय शिव्या घालू? माझंही उघडलं नाही. तीस वर्षं साहेबलोकांपुढे मान हलवायची सवय, ती मान निवृत्तीनंतरही हलली. मिस्त्रींना मी फोनवर सांगितलं, “जागेची जरा अडचण झालीय.” ते म्हणाले, “बरं.” बस्स, एवढंच.

गाडी चार दिवस तक्रार न करता धावली. रोज सकाळी कॅमेरावाला तिचं पहिल्या दमात सुरू होणं टिपायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. टाळ्या मला! मी त्या घेतल्याही.

परतल्यावर शिरूरला न थांबता थेट दौंड गाठलं. मिस्त्री शेडमधून बाहेर आले. मी बडबडत होतो : तुमची फार आठवण काढली सगळ्यांनी, माझा नाइलाज होता, पुढच्या वर्षी नक्की. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. काढला, फडक्याला पुसला.

“गरम हाय,” म्हणाले, आणि आत गेले.

खरं सांगायला परत जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत तीन महिने घालवले. मग आबांचाच फोन आला, मिस्त्री गेले म्हणून.

आबांना खुटबावहून घेऊन मी दफनभूमीत पोचलो. पाळकांनी प्रार्थना म्हटली, मिस्त्रींच्या मुलीने मूठभर माती टाकली, लोक पांगले. मी बाहेर येऊन गाडीला हात लावला. अजून गरम होती. मी कंपाउंडच्या भिंतीपाशी बसलो. “थंड झाल्यावर बोलायचंय त्यांच्याशी,” मी म्हणालो. आबा शेजारी येऊन बसले.

ऊन कलल्यावर आबांनीच उठून बॉनेटवर तळहात ठेवला. “झाली थंड,” म्हणाले. “बोला आता.”

मी हात ठेवला. “मिस्त्री,” म्हणालो, “अडचण जागेची नव्हती. मी घाबरलो आणि गप्प बसलो.”

मग मी आबांसाठी पुढचं डावं, माझ्या शेजारच्या जागेचं दार उघडलं. आबांनी ते हळूच लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.