बालाजीची टोपली

गयाकाकू रोज सकाळी अंगणातल्या हौदावरचं ओलं गोणपाट उचलायच्या, आत हात घालायच्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "लई गार हाय बरं!" दुसरं ऐकायला होतंच कोण? दिवाळी झाली की आमची अर्धी गल्ली ऊसतोडीला जायची. काकूंचा एकुलता एक बालाजीही बायकोला घेऊन जायचा, तो गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचा. माझा नवरा नोकरीसाठी बीडला. उरायच्या आम्ही दोघी शेजारणी.

हौद म्हणजे विटांच्या दोन भिंती आणि मधे वाळू. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की विजेशिवाय आत गारवा राहतो. दिंद्रुडच्या बाजाराच्या दिवसापर्यंत वांगी, मेथी टवटवीत राहावीत म्हणून काकूंनी तो बांधून घेतला होता. पण कोपऱ्यात एक टोपली वेगळी असायची. तिला हात लावायची माझी काय टाप!

"नगं! बालाजीचं हाय ते. मधीच आला तर काय घालू त्याला?"

"काकू, तो पाडव्याला येणार."

"मला कशाला सांगतीस? कारखाना बंद पडला तर यील की."

हौदातली भाजीसुद्धा कधीतरी मान टाकतेच. मग काकू ती सुकलेली स्वतःसाठी शिजवायच्या आणि टोपलीत ताजी भरायच्या. परसात हिरवागार वाफा असून ही बाई सदा शिळंच खायची. मी चिडायचे, भांडायचे. त्या नुसत्या हसायच्या.

यंदा संक्रांत उलटल्यावर एका सकाळी काकूंचा आवाज आला नाही. जाऊन पाहिलं, तर त्या झोपेतच गेल्या होत्या. बालाजीला फोन केला. त्याला यायला दुसरा दिवस उजाडणार होता. काय करावं सुचेना, म्हणून मी हौदाच्या वाळूवर पाणी मारलं.

सगळं उरकल्यावर बालाजी ओट्यावर एकटाच बसला. त्याच्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून टोपलीतली वांगी मी माझ्याकडे केली आणि भाकरीबरोबर त्याच्यापुढे ठेवली. तो पहिल्याच घासाला थांबला.

"लई ताजी हायत, वैनी. म्हातारी फोनवर सांगायची, रोज ताजं तोडून खाते, माझा घोर लावून घिऊ नगंस. तेवढ्यावरच तिकडं राहत होतो बघा."

"हो, ताजंच खायच्या," मी म्हणाले आणि उरलेली वांगी त्याच्या ताटात वाढली.