आईने घासलेलं खापर

ओल्या राखेचा वास आला की मला नवागाममधली आमची खोली आठवते. मी कॉलेजात इतिहास शिकत होते आणि आई कामरेजला इमारतीचा पाया खोदायच्या कामावर जायची. फार पूर्वी रोमन लोकांची दारू दोन कानांच्या उंच रांजणांतून कामरेजच्या बंदरात यायची, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. एका संध्याकाळी ती मोरीतून हसत आली आणि जाड कान असलेलं मोठं खापर तिने माझ्या हातात दिलं. "देख, तुनासाठे लई वनू. मझार कितलं काळं व्हतं, राख लाईसन समदं घशी काढं." खापर आतून लख्ख झालं होतं. ते काळं म्हणजे रांजण पाझरू नये म्हणून लावलेली राळ होती. तिच्यावरूनच आत काय भरलेलं होतं ते कळलं असतं. "तिथे आणखी तुकडे आहेत का गं?" मी विचारलं. "आते कोठे? दुपारलेच काँक्रीट वती दिन्हं." मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "कामनं शे ना?" मी हो म्हटलं. आता अशी खापरं तपासणं हीच माझी नोकरी आहे. घरी कुणी आलं की आई ते फळीवरून काढून कौतुकाने दाखवते, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते.