घाटघरला आभाळ भरून आलं तेव्हा

शेंडीच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. नगरहून निघताना फोनवर हवामानाचा अंदाज पाहिला होता : अहिल्यानगर जिल्हा, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. मी तो वाचला आणि फोन खिशात टाकला. मी नागापूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. जोडून तीन दिवसांची रजा मुश्किलीनं मिळाली होती, आणि माझ्या बायकोला, नसरीनला, सांदण दरी पाहायची होती. डोंगराला पडलेली ती खोल, अरुंद भेग तिनं फोटोत पाहिली होती.

जीप धरणाच्या कडेकडेनं घाटघरकडे निघाली. दिवाळी होऊन गेली होती. उतारावर खुरासणीची (कारळ्याची) पिवळी फुलं सरत आली होती आणि खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) कापलेला भात वाळत पडला होता. गावात शिरण्याआधीच फोनची रेंज गेली.

आमची उतरण्याची सोय काळूभाऊ आणि हौसाबाई या नवराबायकोच्या घरी होती. संध्याकाळी नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची चटणी आणि पिठलं असं जेवण झालं. सकाळी सांदणीत न्यायचं काळूभाऊंनी कबूल केलं.

सकाळी दार उघडलं तर समोरचा डोंगर दिसेना. कोकणकड्याकडून ढग वर चढत होते. हौसाबाई अंगणात उभ्या राहून तिकडेच पाहत होत्या.

"फोनात काय म्हनतंय, दादा?" काळूभाऊंनी विचारलं.

"कालचंच आहे. तुरळक ठिकाणी पाऊस."

"तुरळक म्हंजी आपल्याकडं का दुसरीकडं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग काय उपेग," हौसाबाई म्हणाल्या. "मी सांगते, आज भात आत घ्यायचा."

"अगं, पावन्यांना सांदण दावायचं कबूल केलंय. आन् ह्ये ढग काय, दुपारपत्तुर जातील निघून."

"मागल्या साली बी असंच म्हनला हुता. पेंढ्या भिजल्या, कोंब फुटलं. मग वरीसभर तोच आंबूस भात खाल्ला आमी."

नसरीननं ओढणी कमरेला बांधली. "पाऊस येणार असेल तर त्या भेगेत मी उतरणार नाही," ती म्हणाली. "पेंढ्या कुठं आणून ठेवायच्या तेवढं दाखवा."

खाचर घरापासून लांब नव्हतं, पण वाट चढाची होती. काळूभाऊ भारा डोक्यावर घेऊन पुढे जायचे, मी त्यांच्या मागोमाग. बायका पेंढ्या बांधत होत्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला काळूभाऊंचा पाय बांधावरून घसरला. भारा एकीकडे गेला, ते दुसरीकडे. घोटा बघता बघता सुजला. त्यांना मी आधार देऊन पडवीत नेलं आणि परत आलो. तिथून पुढे ते पडवीत बसून आम्हाला ओरडून सूचना करत राहिले आणि हौसाबाई त्यातली एकही ऐकत नव्हत्या.

दुपारी आभाळ पार काळं झालं. गडगडाट सुरू झाला. आता तिघंही डोक्यावर भारे घेऊन धावत होतो. नसरीन याआधी कधी डोक्यावर ओझं घेऊन चालली नसावी; ती दोनदा बसली आणि दोनदा उठली. शेवटच्या पेंढ्या पडवीत मावेनात, म्हणून त्या भिंतीशी रचून वर ताडपत्री ओढली. वाऱ्यानं ती उडू लागली तेव्हा नसरीन सरळ तिच्या टोकावर जाऊन बसली. चार टपोरे थेंब पडले.

बस्स, तेवढेच. ढग डोक्यावरून सरकत धरणापलीकडे गेले आणि उन्हं आली.

शेजारचे एक म्हातारबाबा अंगणात आले. त्यांचा भात खाचरातच पडून होता, कोरडा ठणठणीत. "काय हौसे, झाला का व्यायाम?" असं म्हणून ते बराच वेळ हसले. काळूभाऊही हसले. हौसाबाईंनी पेंढ्यांवरून एकदा हात फिरवला. "न्हाई आला तर न्हाई आला," त्या म्हणाल्या. "आज झोप तर लागंल."

त्या गाढ झोपल्या. आम्हीही.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, पण काळूभाऊंना पाय टेकवत नव्हता आणि आमची रजा त्याच दिवशी संपत होती. निघताना हौसाबाईंनी नसरीनला कापडात बांधून हातसडीचे तांदूळ दिले. "पुढल्या टायमाला मीच नेते तुला सांदनीत," त्या म्हणाल्या.

संगमनेरच्या पुढे डोंगर मागे पडले, हिरवा रंग विरळ झाला. नसरीन खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्या हातांवर भाताच्या काडांचे बारीक ओरखडे होते. माझं बालपण पाथर्डीकडच्या दुष्काळी भागात गेलं. तिकडे आभाळ भरून आलं की सगळी माणसं घराबाहेर येऊन उभी राहत, आणि ढग तसेच निघून गेले की कुणी कुणाशी बोलत नसे. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ढग बरसायच्या आत भात घरात यावा म्हणून मी एक अख्खा दिवस धावलो होतो. ढग न बरसताच निघून गेले, तेव्हा मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.