हौसाक्काचा आवाज

माझ्या मुलाखती तुम्ही वाचल्या असतील. मलकापूरची मुलगी, कुणाची ओळख नसताना नटी झाली, मग दिग्दर्शिका झाली — ते सगळं खरं आहे. पण एक गोष्ट मी त्यात कुठेच येऊ दिली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी माझा राग सांगते. तो अजून आहे. पहिल्या सिनेमात माझ्या तोंडी दुसरीचा आवाज घातला होता. मला कुणी कळवलंही नाही. कराडच्या थिएटरात आई-आबांच्या मधे बसून मला ते कळलं — ओठ माझे आणि बोलतेय कुणी पुण्याची. आबा कानाशी वाकून म्हणाले, "ही तूच हायंस न्हवं?" निर्मात्याच्या ऑफिसात जाऊन मी त्याच्यासमोर काचेचा ग्लास फोडला. तेव्हापासून करारात पहिली अट — आवाज माझाच. बाकी सगळ्यावर घासाघीस केली; गाडीवर, खोलीवर, पोस्टरवरच्या नावाच्या आकारावर. यावर कधीच नाही.

म्हणजे ही जखम काय असते, ते मला माहीत होतं.

दिग्दर्शिका म्हणून स्वतःचा पहिला सिनेमा मी आटपाडीकडच्या माळावर केला. मुख्य भूमिका माझी — जवानाच्या विधवेची. तिच्या जावेसाठी मला तिथलीच बाई हवी होती. हौसाक्का मेंढरं राखणाऱ्या घरातली. काम करशील का विचारलं तर म्हणाली, "करीन की. पर मला दुसरीवानी बोलाया येत न्हाई बगा." मी तिचा हात धरून सांगितलं — तुझंच बोलणं हवंय, तुझ्याच आवाजात. शब्द दिला.

नवरा गेल्याची बातमी येते, तो प्रसंग. मी अंगणात कोसळते, हंबरडा फोडते — जीव ओतला होता मी त्यात. आणि हौसाक्का मेंढरांच्या कुंपणापाशी उभी राहून एवढंच म्हणते, "रडू नगंस. जनावरं बगत्यात." ही ओळ कुणी लिहिली नव्हती. तिची तिनेच घातली.

मुंबईत जवळच्या काही लोकांना सिनेमा दाखवला. त्या ओळीला सगळे चिडीचूप झाले. दिवे लागल्यावर जो तो विचारत होता — ही बाई कोण? माझ्याबद्दल एकजण म्हणाला, "तुमचंही छान आहे, मॅडम." तुमचंही!

मी डबिंगसाठी एक मुलगी बोलावली. हौसाक्काची सगळी वाक्यं तिच्याकडून बोलून घेतली. गुणी मुलगी, स्वच्छ बोलली. ती ओळही स्वच्छ झाली — मग त्या ओळीला कुणी गप्प होईना. मूळ आवाजात काही दोष नाही, असं ध्वनिमुद्रक म्हणत राहिला. मी त्याच्यावर ओरडले. तो थांबला.

सांगलीला सिनेमा लागला तेव्हा हौसाक्का टेम्पोत सगळी वस्ती घालून आली. मध्यंतरात पोरी तिला चिडवत होत्या, "आत्ती, पडद्यावर जाऊन लय शुद्ध झालीस की गं!" ती माझ्यापाशी आली. "ताई, दिसतीया ती मीच, पर बोलतंय कोण?"

खरं सांगायची वेळ तीच होती. नाही का? मी म्हटलं — माळावर वारा फार होता, तुझा आवाज यंत्रात बिघडला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं त्या दिवशी.

ती म्हणाली, "आवं, मीच उबी ऱ्हायले असंन वाऱ्याच्या तोंडाला. मला कळाया नगं? माज्यापायी तुमचा सिनेमा नासला असता." आणि तिने माझी माफी मागितली. मी ती घेतली.

इथेच संपलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

गेल्या वर्षी एका तरुण दिग्दर्शिकेचा फोन आला. तिला मोठ्या भूमिकेसाठी हौसाक्का हवी होती. वस्तीवर जाऊन आली होती. हौसाक्काने हात जोडले होते — माजा आवाज मशिनीत बसत न्हाई, ताईंचं काम बिगडलं हुतं, तुमचं कशाला बिगडवू? मुलीने मला विचारलं, "हे खरं आहे का, मॅडम? तुम्ही नाही म्हणालात, तर मी पुन्हा जाऊन त्यांना समजावीन."

एक 'नाही' पुरलं असतं. माझं काय जाणार होतं? बक्षिसं मिळून गेली होती, नाव झालं होतं. आणि तरी — ते 'ही बाई कोण?' मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "दुसरी बघ."

तिने पुन्हा विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि जेवायला बसले. पोटभर जेवले.